आधी पाच कागदावर

प्रिय अन्वी,

तुझा फॉर्म परवा मिळाला. सही जिथे हवी तिथेच आहे, तारीख घातली आहेस, रायफलचा नंबरसुद्धा बरोबर. आणखी काही असेल म्हणून मी लिफाफा उलटा करून झटकला. एक पिवळी चिठ्ठी निघाली. 'बिट्टे आउफ दिश उमश्राइबेन', म्हणजे रायफल तुझ्या नावावर करून घे, आणि खाली नुसता ए. चार शब्द आणि एक अक्षर, हॅम्बर्गहून एवढंच आलं.

इकडे बरं चाललंय. आईचा गुडघा थंडीत कुरकुरत होता, आता ऊन निघालं तसा गप्प झालाय. जंगलात बेअरलाउख उगवलाय, सगळ्या पायवाटेला ओल्या लसणाचा वास येतो. आईने काल टोपलीभर पानं आणून चटणी वाटली, तुझ्यासाठी एक बाटली वेगळी काढली आणि नेहमीप्रमाणे फ्रीजमध्ये मागे सरकवून ठेवली. गेल्या वर्षीची बाटली अजून तिथेच आहे. ती टाकू का असं विचारलं तर माझ्यावर खेकसली.

तुझ्याबद्दल मला जे कळतं ते आईकडूनच. एका रविवाराआड तुझा फोन येतो, आई स्पीकर लावते आणि मी स्वयंपाकघरात तीच ती भांडी पुसत उभा राहतो. फ्रायझिंगला वनशास्त्राच्या अभ्यासक्रमातून तू नाव काढून घेतलंस, ते असंच भांडी पुसताना ऐकलं. बंदरावरच्या गोदामात स्कॅनर घेऊन उभी असतेस, हेही तसंच. मागच्या रविवारी आईने तुला विचारलं, की किती दिवस अशी राहणार, तेव्हा तू जर्मनमध्ये म्हणालीस की माझ्या डोक्यावर एका माणसाचा जीव आहे. तो माणूस म्हणजे ओपा हार्टविग, आपले शेजारी, तुझे मानलेले आजोबा, ज्यांनी तुला जंगल शिकवलं. तुझा एक नेम चुकला, त्या जखमी हरणाला शोधताना ते पडले आणि त्यातच गेले. दोन वर्षं होतील येत्या मे महिन्यात, तू एवढंच धरून बसली आहेस. मला त्याबद्दलच बोलायचं आहे, पण जरा लांबून सुरुवात करतो. मला सरळ मुद्द्यावर येता येत नाही हे तुला माहीतच आहे.

तू पंधरा वर्षांची असताना त्यांच्या कुत्रीमागे, त्या बुटक्या फ्रीडामागे, जंगलात जायला लागलीस. परत यायचीस ती बुटांना चिखल आणि खिशात पिसं घेऊन. सोळाव्या वर्षी शिकारीच्या लायसन्सचा कोर्स करायचा म्हणालीस तेव्हा आपल्या घरात जे झालं त्याला वादळ म्हणणं कमी पडेल. पुण्याहून आजोबांनी फोनवर मला विचारलं की, शिरीष, तुमच्याकडे भाजी मिळत नाही का? आईने तर जाहीर केलं की असलं काही तिच्या फ्रीजमध्ये येणार नाही. पुढे तळघरात वेगळा फ्रीजर आला, आणि नको नको म्हणणारी तुझी आई तुझ्या परीक्षेच्या दिवशी गणपतीपुढे दिवा लावून बसली. तू एकटी कशी जाणार म्हणून मीही कोर्सला नाव घातलं. तू पहिल्या फटक्यात पास झालीस. मी कोल्हा आणि बिज्जू यांच्या दातांत गोंधळ घातला आणि दुसऱ्या खेपेला सुटलो. तू महिनाभर जेवताना मला दात दाखवून हे कुणाचे असं विचारायचीस. इतकं हसणं त्या टेबलावर त्याआधी झालं नव्हतं आणि नंतरही नाही.

मला शिकारीत रस नव्हता. तू बाराव्या वर्षापासून माझ्याशी मराठीत बोलायची थांबलीस. मी मराठीत विचारायचो, तू जर्मनमध्ये उत्तर द्यायचीस, आणि तेही दार लावता लावता. मचाणावर मात्र तू माझ्या शेजारी दोन दोन तास बसायचीस. बोलायला बंदी असल्यामुळे भाषेचा प्रश्नच नव्हता. सकाळी धुकं उतरताना तू कोपराने ढोसून कुरणाच्या कडेला काहीतरी दाखवायचीस आणि मला ते दिसायचं नाही, तरी मी मान हलवायचो.

अठराव्या वाढदिवसाला ओपांनी तुला त्यांची स्वतःची रायफल दिली. एकनळी, मधून मोडून एकेक काडतूस घालायची, दस्त्यावर त्यांच्या अंगठ्याने झिजलेली जागा. बोअर, म्हणजे नळीचं भोक, लहान. मला पहिल्यांदा ते खेळणंच वाटलं. त्यांनी मला समजावलं होतं की लहान बोअरला धक्का कमी, आवाज कमी, म्हणून नेमबाज दचकत नाही आणि गोळी जिथे हवी तिथे जाते. पण अशा रायफलला काडतूस निवडताना मोठ्या रायफलपेक्षा जास्त डोकं लागतं, कारण चुकीला जागाच नसते. इथल्या छोट्या हरणासाठी, रेहसाठी, कायद्याने शंभर मीटरवर गोळीत हजार ज्यूल उरायला हवेत. त्याहून बारीक काडतुसं कोल्ह्याला चालतात, हरणाला नाही. आणि प्रत्येक नळीची आपली एक आवड असते. नळीच्या आत जे पीळ असतात ते गोळीला फिरवतात. जुन्या नळीचे पीळ सैल, तिला आखूड गोळी लागते. काडतूस बदललं की आधी पाच कागदावर, मग एक जनावरावर. ओपांचा हा नियम तू तुझ्या वहीच्या पहिल्या पानावर लिहिला होतास.

मग ते वर्ष आलं. ओपांच्या शिकारीच्या रानाचा भाडेकरार एप्रिलमध्ये नव्याने झाला आणि जमीनमालकांनी अट घातली की यापुढे शिशाच्या गोळ्या नकोत. तांब्याच्या घ्यायच्या. ओपांच्या डोळ्याचं नुकतंच ऑपरेशन झालं होतं, तू फ्रायझिंगला परीक्षेत गुंतलेली. मी म्हटलं, काडतुसांचं मी बघतो. ओपा म्हणाले, आल्झो, हेर शिरीष, हलकी घ्या, आखूड असेल ती. हजार पार करते ना, तेवढं पुरे. आणि नळीला विचारा, तक्त्याला नाही.

मी तक्त्याला विचारलं. माझा स्वभाव तुला माहीत आहे. तीन संध्याकाळ बसून मी एक्सेल केलं. कंपन्या, वजनं, वेग, शंभर मीटरवरचे ज्यूल, हिरवे आणि लाल रकाने. ओपा म्हणत होते ती हलकी गोळी हजाराच्या वर जेमतेम तीस ज्यूल होती. काठावर पास. आणि काठावर पास मला कधी सोसलं नाही. तुझ्या शाळेत तू दोन नंबरची ग्रेड आणलीस की मी विचारायचो, सगळ्यात वरची, एक का नाही. आई म्हणायची, अरे, पोरगी पास झाली, पेढे आण आधी. मी पेढे आणायचो, पण विचारल्याशिवाय नाही. तर तक्त्यात दुसरी एक तांब्याची गोळी होती, पन्नास ग्रेनची, आणि तिच्यापुढे अकराशे सत्तर. ओपांची जुनी शिशाची गोळीही पन्नास ग्रेनचीच होती. वजन तेच, म्हणजे वागणूक तीच, आणि वर हलकीपेक्षा एकशे चाळीसचा फायदा. डिस्टिंक्शन. मी तिचे दोन डबे मागवले आणि स्वतःवर खूश झालो.

अन्वी, तांबं शिशापेक्षा हलकं असतं. तेवढ्याच वजनाची गोळी तांब्याची केली की ती लांब होणार. लांब गोळीला त्या जुन्या नळीचे सैल पीळ सरळ ठेवू शकत नाहीत, ती हवेत लटपटते. घनता आठवी-नववीत शिकवतात. मी तीस वर्षं यंत्रांच्या चाचण्या घेतो, माझी सही असल्याशिवाय डार्मश्टाटच्या आमच्या कारखान्यातून एक पंप बाहेर पडत नाही. आणि डब्याच्या बाजूला बारीक अक्षरात लिहिलं होतं की नळीचे पीळ किती दाट हवेत. मी ते नंतर वाचलं.

तरीही काही बिघडलं नसतं. कागदावर पाच गोळ्या झाडल्या असत्या तर पहिल्याच गोळीला कळलं असतं. मी रायफल घेऊन नेमबाजीच्या मैदानावर गेलो होतो. शनिवार होता, क्लबचा उत्सव चालू होता, अंगणात सॉसेज भाजत होते आणि नेमबाजी सोमवारपर्यंत बंद. रविवारी तुझा एकविसावा वाढदिवस. तू शुक्रवारपासून घरी आली होतीस, सोमवारी पहाटे ओपांबरोबर जाणार होतीस. मी डबे घेऊन परत आलो आणि त्यांच्यावर लाल फीत बांधली.

वाढदिवसाला तू फीत सोडलीस, डबा हातात फिरवलास आणि माझ्याकडे बघून विचारलंस. तुला आठवतं का कसं विचारलंस? तू म्हणालीस, बाबा, तू हे ट्राय केला ना? मराठीत. नऊ वर्षांनी. 'केला' म्हणालीस, 'केलंस' नाही, आणि तरी माझ्या कानाला इतकं गोड काही लागलं नव्हतं. आईच्या हातातला केकचा चाकू थांबला, ती माझ्याकडे बघून हसली. मला तो क्षण मोडवेना. नाही म्हटलं असतं तर तू लगेच जर्मनवर गेली असतीस, वैतागली असतीस, डबा बाजूला ठेवला असतास. मी म्हटलं, हो तर, गेनाऊ, पाचही मध्यावर. पाचही मध्यावर! कुणी विचारलंही नव्हतं.

पुढचं तुला माहीत आहे, पण तू ते ज्या बाजूने बघतेस ती बाजू खोटी आहे. सोमवारी उजाडताना तू सत्तर मीटरवर उभ्या असलेल्या रेहच्या नरावर गोळी झाडलीस. वारा नव्हता. मी शेजारच्या मचाणावर होतो, माझ्या दुर्बिणीतून तू दिसत होतीस. तुझा खांदा हललासुद्धा नाही. नर वाकडी उडी मारून झाडीत गेला. ओपा फ्रीडाला घेऊन आले, रक्त बघून मान हलवली, तू त्यांना थांबा म्हणत होतीस, मी जाते म्हणत होतीस, पण जखमी जनावर मागे सोडायचं नाही हा त्यांचा धर्म. एकोणऐंशी वर्षांचा माणूस, एक डोळा अजून लाल. जुन्या दगडखाणीच्या कडेला पाऊस पडून गेलेला, तिथे त्यांचा पाय घसरला. तू त्यांची आरोळी ऐकलीस आणि मी तुझी.

तू त्यांच्याबरोबर ॲम्ब्युलन्समध्ये गेलीस. नर मी शोधला, दुपारी, फ्रीडाच्या मदतीने. तो तोवर मेला होता. तुझा नेम खांद्यामागे होता आणि गोळी लागली होती पोटात. आणि जखम गोल नव्हती. बटणाच्या काजासारखी लांबट चीर होती, गोळी आडवी होऊन शिरलेली. मी त्याच्यापाशी गवतात बसलो. मला त्याच वेळी सगळं कळलं. मी त्याला तिथेच खड्डा करून पुरलं आणि तुला सांगितलं की सापडला, पोटात लागली होती. एवढंच सांगितलं. तू म्हणालीस, इश हाब फेरत्सोगेन, माझा हात हलला. मी गप्प बसलो.

आठवड्याने, तू दवाखान्यात ओपांजवळ असताना, मी एकटा मैदानावर गेलो. तीच रायफल, तोच डबा, टेबलावर वाळूच्या पिशव्यांवर टेकवून. पाच गोळ्या. एक कागदाच्या वर, एक डाव्या कोपऱ्यात, एकंदर पसारा दोन वितींचा. चार छिद्रं लांबट, एक तर गोळीच्या बाजूचा अख्खा ठसा. शेजारच्या माणसाने तो बघून शिट्टी वाजवली. मी कागद घडी करून खिशात घातला.

ओपांना मी त्यांच्या शेवटच्या आठवड्यात भेटलो. मोडलेली कंबर जुळवली होती, पण छातीत न्यूमोनिया भरला होता. तू बाहेर कॉफी आणायला गेली होतीस. त्यांनी विचारलं, कोणतं काडतूस? मी सांगितलं. त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं झोपले. मग म्हणाले की तिला तुम्ही सांगा, मी सांगणार नाही, ते बापाचं काम आहे. मी हो म्हटलं. माझं हे दुसरं हो. चार दिवसांनी ते गेले. त्यांनी माझी वाट बघितली असेल, तुझ्याकडे रोज बघून त्यांना समजत असेल की अजून सांगितलेलं नाही.

दफनाच्या वेळी शिकारी एकेक हिरवी डहाळी खड्ड्यात टाकत होते. तुझी पाळी आली तेव्हा तू पुढे गेलीस, थांबलीस आणि डहाळी कोटाच्या खिशात घालून मागे आलीस. मला तो हक्क नाही, असं तू आईला गाडीत म्हणालीस. मी गाडी चालवत होतो. तेव्हाही सांगता आलं असतं. माझी डहाळी मी टाकली होती, अन्वी. तुझ्यापुढे दोनच माणसं सोडून उभा होतो आणि टाकली.

परीक्षा होऊ दे मग सांगू, असं ठरवलं. मग तू परीक्षेला बसलीच नाहीस. मग वाटलं जरा सावरू दे. मग तू हॅम्बर्गला गेलीस. दर महिन्याला सांगणं जड होत गेलं, कारण आता काडतुसाबरोबर तेवढ्या महिन्यांचं गप्प राहणंही सांगावं लागणार होतं. खरं कारण याहून साधं आहे. मला भीती होती की तू मला सोडशील. तू तशीही गेलीसच. मी ज्यासाठी गप्प राहिलो ते माझ्याकडे एक दिवससुद्धा राहिलं नाही.

आज एकतीस मार्च, शिकारीचं वर्ष आज संपतं आणि तुझं लायसन्सही. ते तू पुढे वाढवलं नाहीस. उद्यापासून बंदुकीच्या कपाटाचा नंबर तुला माहीत असणं बेकायदेशीर, म्हणून मला तो आज संध्याकाळी बदलायचा आहे. त्या कपाटात, काडतुसांच्या मागे, तो घडी केलेला कागद जवळजवळ दोन वर्षं पडून आहे. मी तो तिथे का ठेवला हे मला परवा तुझा फॉर्म हातात घेतल्यावर कळलं. मी वाट बघत होतो की कधीतरी तू रायफल न्यायला येशील, कपाट उघडशील, कागद तुझ्या हाती लागेल, आणि मला तोंड उघडावंच लागणार नाही. आता तू ते कपाट उघडणार नाहीस. म्हणून हे पत्र. जर्मनमध्ये दोनदा लिहायला घेतलं. माझं जर्मन ऑफिसचं आहे, त्यात चूक आढळून येते, ती कुणी करत नाही. मी खोटं बोललो, हे मला मराठीतच लिहिता आलं, आणि मराठी तुला वाचता येत नाही. रविवारच्या शाळेत तू 'ट'पर्यंत पोचलीस आणि मी रागावलो म्हणून पुढे गेली नाहीस. तेव्हा या पानांचे फोटो आईला पाठवून फोनवर तिच्याकडून वाचून घ्यावं लागेल, एवढं मी लिफाफ्यावर जर्मनमध्ये लिहितो. तिलाही यातलं काही माहीत नाही, तुला वाचून दाखवता दाखवताच तिला कळेल. ओपा परत येणार नाहीत, आणि तू फ्रायझिंगला परत जाशील किंवा माझ्याशी बोलशील असं मला वाटत नाही, मी ते मागतही नाही. बरोबर तो कागद आहे. तारीख, रायफल, काडतूस, सगळं कोपऱ्यात लिहिलं आहे. आधी तो उघड, हेही लिफाफ्यावर लिहितो. पाच छिद्रं बघितलीस की तुझा हात हलला नव्हता हे तुला कुणी वाचून दाखवायला लागणार नाही. या रविवारी तुझा फोन यायचा आहे. आईला सांग, स्पीकर लावू नकोस.

तू काहीही म्हण, तरी तुझाच,
बाबा